निळी पाटी, लाल पाटी : बर्फावरच्या सुट्टीची आखणी

भाकऱ्या थापता थापता ऐकणाऱ्या, रानातून आत्ताच घरी आलेल्या, आणि गटाच्या बैठकीत मोबाईल मधोमध ठेवून ऐकणाऱ्या सगळ्या ताई, माई, आक्कांना आमचा नमस्कार.

मागच्या भागांत आपण शेळ्यांच्या विम्यावर बोललो, गटाच्या दप्तरावर बोललो. आजचा विषय जरा लांबचा आहे. युरोपातल्या आल्प्स पर्वतात बर्फावर घसरायला, म्हणजे स्की करायला जायचं असेल, तर ती सुट्टी कशी आखायची? तुम्ही म्हणाल, ताई, आमचा आणि बर्फाचा काय संबंध? संबंध आहे. आमच्या गटातल्या एका ताईंची लेक दक्षिण जर्मनीत दवाखान्यात नर्स आहे. आता आपल्याकडच्या बऱ्याच मुली अशा कामांसाठी तिकडे जातात. या लेकीने दोन वर्षं पैसे साठवले आणि आईला कळवलं, येत्या जानेवारीत मैत्रिणींबरोबर आठवडाभर स्कीला जाणार. आईचा जीव खालीवर झाला. बैठकीत त्यांनी सरळ विचारलं, "नर्सचं काम दिवसभर पायावर उभं राहण्याचं. पाय मोडून बसली तर शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता कोण भरणार?"

प्रश्न बरोबर होता. म्हणून "जाऊ नको" असं न म्हणता आम्ही ठरवलं, आपण गटाचं कर्ज देताना जशी चौकशी करतो, तशी या सुट्टीची करायची. लेकीशी व्हिडिओवर तीनदा बोललो, तिने पाठवलेली माहिती वाचली, फळ्यावर हिशेब मांडला. त्यातून जे कळलं ते आज तुम्हाला सांगतो. कुणाची लेक, सून, भाचा तिकडे असेल त्यांना ते थेट उपयोगी पडेल. ज्या गटांनी पाहुण्यांसाठी घरगुती निवास सुरू केलाय, त्यांनाही त्यातून घेण्यासारखं आहे.

आधी जागा समजून घेऊ. आल्प्स ही युरोपच्या मध्यावरची डोंगररांग, साधारण १२०० किलोमीटर लांब. फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली, ऑस्ट्रिया, जर्मनी अशा आठ देशांत ती पसरली आहे. डिसेंबर ते एप्रिल तिथे बर्फ असतो. डोंगरावर चढायला पाळणे असतात, तारेवरून चालणाऱ्या खुर्च्या असतात. वर पोचायचं, पायाला लांब फळ्या बांधायच्या, हातात दोन काठ्या घ्यायच्या आणि आखून दिलेल्या उतारावरून खाली यायचं. पुन्हा पाळण्यात बसायचं, पुन्हा खाली. दिवसभर हेच.

आता महत्त्वाची गोष्ट ऐका. तिथे प्रत्येक उताराला रंग दिलेला असतो. निळा म्हणजे सोपा, लाल म्हणजे मध्यम, काळा म्हणजे अवघड. फ्रान्समध्ये निळ्याच्याही आधी हिरवा असतो, अगदी नवशिक्यांसाठी. उताराच्या कडेने त्या रंगाचे खांब रोवलेले असतात आणि सुरुवातीला पाटी असते. पाटी वाचता आली की भाषा येत नसली तरी माणसाला कळतं, इथून जायचं की नाही.

आमच्या लेकीला निळा उतार नीट जमतो, सोपा लालही जमतो. पण उतार जरा उभा झाला की तिचे पाय आपोआप नांगर धरतात. नांगर म्हणजे काय, तर फळ्यांची पुढची टोकं जवळ, मागची लांब, फाळासारखा आकार करून वेग कमी करायचा. जर्मन भाषेत या पद्धतीला 'फ्लूग' म्हणजे नांगरच म्हणतात. नवीन माणूस नांगराने सुरुवात करतो. सराव झाला की दोन्ही फळ्या समांतर ठेवून वळायला शिकतो. जिला सोप्या जागी समांतर वळता येतं आणि अवघड जागी नांगर आठवतो, ती मधल्या पायरीवरची.

आम्हाला वाटतं, सांभाळायचं ते या मधल्या पायरीवरच्या माणसाला. नवशिकी घाबरलेली असते, ती मास्तरांजवळून हलत नाही. पक्की झालेलीला धोका दुरून दिसतो. मधलीला मात्र वाटतं, आपल्याला येतंय की. त्यात बरोबरच्या मैत्रिणी पुढच्या असल्या की "चल गं, काही होत नाही" एवढं एक वाक्य पुरतं. गटात पहिलं कर्ज फेडून दुसऱ्यांदा एकदम मोठं कर्ज मागणाऱ्या बाईकडे आपण जसं दोन मिनिटं थांबून बघतो ना, तसंच इथे थांबायचं. आपल्या सगळ्यात चांगल्या दिवशी काय जमलं ते धरायचं नाही. दुपारी तीन वाजता, मांड्या भरून आलेल्या असताना, काय जमेल ते धरायचं. आम्ही सगळी आखणी या एका मापाने केली.

पहिला प्रश्न जागेचा. तिच्या एका मैत्रिणीला ऑस्ट्रियातल्या सांक्ट आंटोनला जायचं होतं. गाव नावाजलेलं आहे. पण तिथले उतार उभे आहेत आणि पक्क्या लोकांना ते आवडतात. मधल्या पायरीवरचीला तिथे अर्धा वेळ भीतीतच जाईल. म्हणून आम्ही लेकीला तीन गोष्टी तपासायला सांगितल्या. एक, नकाशावर निळे आणि सोपे लाल उतार किती आणि ते एकमेकांना जोडलेले आहेत का? दोन, वर गेल्यावर नाहीच जमलं तर पाळण्यात बसून खाली येता येतं का? तीन, जागा किती उंचावर आहे? आल्प्समध्ये तापमान जगाच्या सरासरीपेक्षा जास्त वाढलंय. खालच्या गावांत बर्फ कमी पडतो, काही ठिकाणी पाळणेही बंद झालेत. म्हणून उंची बघायची. बर्फ कमी पडला तर यंत्राने तयार करण्याची सोय आहे का, तेही बघायचं.

या मापात तिला सापडली इटलीतली आल्ता बादिया नावाची दरी. डोलोमाइट नावाच्या डोंगरांत ती आहे. हे डोंगर २००९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. दरीतलं कोर्वारा हे गाव १५०० मीटरपेक्षा उंच आहे. आपल्या कळसूबाईची उंची १६४६ मीटर, म्हणजे गाव जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याएवढ्या उंचीवर. गावाच्या वर प्रालोंजिया नावाचं मोठं पठार आहे. तिथले उतार रुंद आणि सौम्य आहेत, बरेचसे निळे आणि सोपे लाल. पुढे गेलेल्या मैत्रिणीसाठी तिथेच ग्रान रिसा नावाचा काळा उतार आहे. दर डिसेंबरला त्यावर पुरुषांची विश्वचषक शर्यत होते. मग तिघींनी ठरवलं, सकाळी ज्याने त्याने आपापल्या रंगाच्या उतारावर जायचं आणि जेवायला वरच्या एकाच खानावळीत भेटायचं. तुटेपर्यंत ताणलं नाही, कुणाला फरफटतही नेलं नाही.

दुसरा प्रश्न वेळेचा. नाताळ आणि नवीन वर्षाला गर्दी आणि भाव दोन्ही चढलेले असतात. फेब्रुवारीत तिकडच्या शाळांना सुट्ट्या असतात, तेव्हाही तसंच. इटलीत ६ जानेवारीला तीन राजांचा सण असतो. तो झाला की गर्दी ओसरते आणि खोल्या स्वस्त होतात. जानेवारीत थंडी कडक आणि दिवस लहान, पण बर्फ कोरडा आणि चांगला असतो. मार्चमध्ये ऊन छान असतं, पण रात्री गोठलेला बर्फ सकाळी काचेसारखा कडक लागतो आणि दुपारी त्याचा चिखल होतो. दमलेल्या पायांना तो चिखल ओढून धरतो. लेकीने जानेवारीचा तिसरा आठवडा धरला.

तिसरा प्रश्न राहण्याचा, आणि इथे आपल्या गटांनी कान द्यावा. इटलीच्या या भागाला दक्षिण टिरोल म्हणतात. पहिल्या महायुद्धापर्यंत तो ऑस्ट्रियाकडे होता. अजून तिथे जर्मन आणि इटालियन दोन्ही भाषा चालतात. आल्ता बादियात तर लादिन नावाची तिसरी, छोटी भाषा घरोघर बोलतात आणि शाळेतही शिकवतात. तिथल्या शेतकरी संघटनेने घरी पाहुणे ठेवणाऱ्या शेतकऱ्यांसाठी 'लाल कोंबडा' नावाची एक खूण केली आहे. ही खूण असलेलं घर म्हणजे खरंखुरं शेत, खरी गुरं. हॉटेलला जसे तारे देतात तशी या घरांना फुलं दिलेली असतात. पाच फुलं म्हणजे सगळ्यात जास्त सोयी. पाहुण्याला येण्याआधीच कळतं, काय मिळेल आणि काय मिळणार नाही. तिघींनी असंच एक शेतघर घेतलं. स्वयंपाकघर आहे, त्यामुळे रात्रीचं जेवण घरी. दूध गोठ्यातलं. वरच्या खानावळीत दुपारी जवाचं सूप आणि पालक-चीज भरून तळलेली पुरी मिळते. पुरीला तिथे तुर्त्रेस म्हणतात. ऐकून आमच्या बायका म्हणाल्या, म्हणजे पोरगी उपाशी राहत नाही.

या डोंगरातली माणसं पूर्वीपासून अशी सुखवस्तू नव्हती. टिरोल आणि आसपासच्या गरीब दऱ्यांमधून शेकडो वर्षं लहान मुलं वसंत ऋतूत पायी डोंगर ओलांडून जर्मनीच्या श्वाबिया भागात जात. तिथे राव्हेन्सबुर्गसारख्या गावांत त्यांचा बाजार भरे. शेतकरी मुलं निवडून गुरं राखायला ठेवत आणि शरद ऋतूत ती घरी परतत. घरी खाणारं एक तोंड कमी, एवढाच मोबदला कित्येकांना पुरे वाटे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हे चालू होतं. ऊसतोडीला जाणारी घरं पाहिलेल्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. पुढे पर्यटन आलं. ज्या बर्फामुळे घरात अडकून पडावं लागे, तोच बर्फ बघायला लोक पैसे देऊन येऊ लागले. म्हणून आम्ही लेकीला सांगितलं, हॉटेलापेक्षा शेतघरात राहा, पैसा त्या घरात राहील.

चौथा प्रश्न पैशाचा. फळ्यावर मांडलेला हिशेब असा. हे सगळे अंदाज आहेत, भाव ठिकाणाप्रमाणे आणि आठवड्याप्रमाणे बदलतात. एक युरो म्हणजे सोयीसाठी शंभर रुपये धरा. सहा दिवसांचा पाळण्यांचा पास ४०० युरो. फळ्या, बूट आणि हेल्मेट भाड्याने १५० युरो. शिकवणीचे २२० युरो. सात रात्रींच्या घरभाड्यात तिचा तिसरा वाटा २८० युरो. रेल्वे आणि बस १२० युरो. खाणंपिणं २०० युरो. विमा ४० युरो. बेरीज १४१० युरो, म्हणजे एक लाख ४१ हजार रुपये. त्यावर दहा टक्के हाताशी, म्हणजे साधारण १४० युरो. एकूण १५५० युरो धरले.

आकडा ऐकून बैठकीत सगळ्या गप्प झाल्या. मग एकीने विचारलं, "यातलं काय कमी करता येईल?" तिला शिकवणी सुचली. आम्ही म्हटलं, कपडे उसने घे, गॉगल उसना घे, खानावळीतलं एक जेवण कमी कर. पण शिकवणी आणि विमा, या दोन रकमांना हात लावायचा नाही.

विम्याचं नीट ऐका. जर्मनीत नोकरी करणाऱ्याकडे आरोग्य विम्याचं युरोपीय कार्ड असतं. इटलीच्या सरकारी दवाखान्यात गरजेचे उपचार त्यावर होतात. पण डोंगरावरून उतरवून आणण्याचा खर्च, हेलिकॉप्टर आणि जर्मनीला परत नेण्याचा खर्च त्यात बसत नाही. त्यासाठी वेगळा विमा लागतो. शिवाय इटलीत २०२२ पासून नियम आहे की आपल्यामुळे दुसऱ्याला इजा झाली तर भरपाईसाठी विमा असल्याशिवाय उतारावर जाता येत नाही. तो पासबरोबर दिवसाच्या हिशेबाने विकत मिळतो. हेल्मेटही तिथे सक्तीचं आहे. आणि आईच्या मूळ प्रश्नाचं उत्तरही मिळालं. जर्मनीत आजारपणात पहिले सहा आठवडे पूर्ण पगार मिळतो, त्यानंतर विमा कंपनी पगारापेक्षा कमी रक्कम देते. मग आम्ही लेकीला सांगितलं, निघण्याआधी कर्जाचे तीन हप्ते वेगळ्या खात्यात ठेव. तिने ठेवले. आईला त्या रात्री झोप लागली.

इथून भारतातून कुणी जाणार असेल तर शेंगेन व्हिसा लागतो. त्याची फी मोठ्या माणसाला ९० युरो आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो. पण बऱ्याच साध्या विम्यांत स्की बसत नाही. कागदावर बर्फावरच्या खेळांचा उल्लेख आहे का ते वाचूनच सही करायची.

पाचवी गोष्ट तयारीची. मांड्या आणि गुडघे बळकट हवेत. निघण्याआधी सहा ते आठ आठवडे रोज उठाबशा, जिने चढणं-उतरणं, भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसणं. भात लावणाऱ्या आणि निंदणी करणाऱ्या आपल्या बायकांना ही तयारी वेगळी करावी लागणार नाही. पण दवाखान्यातली ड्युटी करणाऱ्या मुलीला करावी लागते.

सहावी गोष्ट दुकानाची. तिथे फळ्या आणि बूट भाड्याने घेताना वजन, उंची, वय आणि किती येतं ते विचारतात. फळीवर बूट धरून ठेवणारा खटका असतो. पडल्यावर तो सुटला पाहिजे, म्हणजे पाय पिरगळत नाही. तो किती जोराला सुटावा हे या उत्तरांवरून ठरवतात. आता वजन दोन-चार किलो कमी सांगायची सवय कुणाला नसते? पण इथे वजन कमी सांगितलं तर खटका नको तेव्हा सुटेल. आणि "मला चांगलं येतं" म्हणून सांगितलं तर तो सुटायला हवा तेव्हा सुटणार नाही, आणि भार गुडघ्यावर येईल. म्हणून दुकानात खरं तेच सांगायचं. बूट घट्ट हवा. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकतात, गुडघे वाकवले की किंचित मागे येतात, तो बूट बरोबर. आत मोजा एकच. दोन मोजे घातले की बूट आत हलतो आणि फळी ऐकत नाही.

सातवी गोष्ट शिकवणीची. ऑस्ट्रियात हानेस श्नायडर नावाचे मास्तर होऊन गेले. त्यांनी १९२१ मध्ये सांक्ट आंटोनला स्कीची शाळा काढली. शिकणाऱ्यांना जमेल तसे वर्गात बसवायचं, आधी नांगर, मग हळूहळू समांतर वळण, अशी पायरीपायरीची पद्धत त्यांनी बसवली आणि ती जगभर गेली. आजही शाळेत पहिल्या सकाळी मास्तर प्रत्येकीला थोडं घसरायला सांगतात आणि वर्ग ठरवतात. त्यांनी खालच्या वर्गात घातलं तर वाईट वाटून घ्यायचं नाही. वर्ग बहुतेक रविवारी किंवा सोमवारी सुरू होतात, म्हणून शनिवारी पोचायचं.

आता दिवसांची आखणी. पहिले तीन दिवस सकाळी शिकवणी, दुपारी तेच उतार पुन्हा. चौथ्या दिवशी जमलंच तर सेला रोंदा. ही सेला नावाच्या डोंगराभोवतीची प्रदक्षिणा आहे, चार खिंडी ओलांडून. पाळणे धरून साधारण ४० किलोमीटर. नारिंगी पाटीने गेलं की घड्याळाच्या दिशेने, हिरव्या पाटीने गेलं की उलट. अनेक जाणकार हिरवी दिशा जरा सोपी मानतात. मधल्या पायरीवरचीला ती जमते, पण वेळ लागतो. सकाळी दहाच्या आत निघायचं आणि दुपारी साडेतीनपर्यंत शेवटची खिंड ओलांडायची. पाळणे बंद झाले तर माणूस दुसऱ्याच दरीत अडकतो, मग टॅक्सीला भरमसाट पैसे. अर्ध्या वाटेत उशीर होतोय असं वाटलं तर मागे फिरायचं. धुकं असेल त्या दिवशी जायचंच नाही, कारण पांढऱ्यावर पांढरं, खाचखळगा दिसत नाही.

पाचव्या दिवशी सकाळ विश्रांती. सहाव्या दिवशी लागाझुओई. पहिल्या महायुद्धात या डोंगरावर इटली आणि ऑस्ट्रियाचे सैनिक समोरासमोर होते. त्यांनी खडकात खणलेले बोगदे अजून आहेत. तिथून एक लांब लाल उतार खाली येतो, आणि शेवटी जमीन सपाट झाली की पुढे जायला घोडे उभे असतात! घोडे लांब दोर ओढतात आणि दोर धरून माणसं फळ्यांवर उभ्या उभ्या पुढे जातात. आमच्या बैठकीत सगळ्यात जास्त चर्चा या घोड्यांचीच झाली.

उतारावरचे नियमही आम्ही वाचले. जागतिक स्की महासंघाचे दहा नियम आहेत. त्यातले चार आम्ही पाठ केले. पुढे चाललेल्याचा हक्क पहिला, मागच्याने सांभाळून जायचं. वेग आपल्या ताब्यात राहील एवढाच ठेवायचा. अरुंद जागी किंवा वळणाआड थांबायचं नाही. अपघात दिसला तर मदत केल्याशिवाय पुढे जायचं नाही. मदतीसाठी फोन ११२, तो सगळ्या युरोपात चालतो. आणि आखलेल्या खांबांच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. बाहेर बर्फाचे कडे कोसळू शकतात.

बायकांसाठी दोन गोष्टी वेगळ्या. पाळीच्या तारखा आखणीतच धरा, दुखण्याच्या दिवशी विश्रांती ठेवा. सामान खिशात ठेवा, वरच्या खानावळींत शौचालयं असतात. आणि थंडी म्हणून पाणी कमी पिऊ नका. बर्फावरून ऊन परत फिरतं, म्हणून तोंडाला मलम आणि डोळ्याला गॉगल हवाच. सुती बनियन घामाने ओला होऊन अंगावर गार पडतो, तो नको.

मैत्रिणींनो, आता आपल्याकडे वळू. ज्या गटांनी पाहुण्यांसाठी घर उघडलंय, त्यांनी यातून एक गोष्ट जरूर घ्यावी. आल्प्समधल्या गावांनी उतारांना रंग दिले, घरांना फुलं दिली, म्हणजे पाहुण्याला आपली कुवत बघून निवडता आलं. आपण मात्र पाहुण्याला म्हणतो, "गड ना? हा काय, इथेच तर आहे." शहरातली बाई लहान मुलाला घेऊन निघते आणि अर्ध्या वाटेत रडकुंडीला येते. त्यापेक्षा दारात पाटी लावा. वाट किती तासांची, शिडी आहे का, पाणी कुठे, पावसात कुठला टप्पा निसरडा, शेवटची एसटी किती वाजता. सोपी वाट निळी, मधली लाल, अवघड काळी. रंगाचे तीन डबे आणि एक दुपार, एवढाच खर्च. आणि अवघड वाटेला सोपी म्हणायचं नाही, पाहुणा कमी झाला तरी चालेल.

पुढच्या बैठकीत एवढं करा. आपल्या गावातल्या तीन वाटा निवडा. गटातली एक तरणी, एक मधल्या वयाची आणि एक म्हातारी, अशा तिघींनी त्या चालून बघा. किती वेळ लागला ते तिघींचं वेगवेगळं लिहा. पाटीवर म्हातारीची वेळ घाला. तिघींचे आकडे आम्हाला कळवा, पुढच्या भागात आपण ते वाचू.

तोवर सांभाळून राहा. नमस्कार.